एकाच इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ कसे? (बँक, मॅच, फाइन, सेट, टँक, कँडी)

प्रश्न: मास्तरीण_डिचोली

नमस्कार मंडळी. आठवीच्या वर्गासाठी पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका आखते आहे. मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात आलेली. अवघड शब्द ती कोशात बघतात. अडतात ती ओळखीच्या शब्दांपाशी. ‘बँक’ म्हणजे पैशांची बँक एवढंच डोक्यात असतं, मग धड्यातली मगर नदीच्या ‘बँक’वर ऊन खात पडली की वाक्य हातातून निसटतं. ‘फाइन’ म्हणजे छान, मग वाचनालयात उशीर झाला की ‘फाइन’ का भरायचा? ‘मॅच’ खेळायची, ‘मॅच’ने मेणबत्ती पेटवायची आणि साडीला ब्लाउज ‘मॅचिंग’ हवा.

अर्थांची यादी पाठ करून घेतली तर ती परीक्षेपुरती टिकते. म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हा एकच शब्द फांद्या फुटून पसरला आहे की दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले, हे ओळखायचं कसं? दोन, आपल्या मुलांना जवळचे वाटतील असे, गोव्याच्या वाटेने इंग्रजीत गेलेले खात्रीचे शब्द कोणते? तीन, मोबाइलवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या तपासायच्या कशा? ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांचा आणि पाव पायांनी मळतात म्हणून ‘पाव’, या दोन तर वर्गात दरवर्षी ऐकू येतात.

उत्तर: बार्देशकर

ताई, इंग्रजीला हात लावण्याआधी फळ्यावर एक मराठी वाक्य लिहा: ‘पाव किलो पाव नेला आणि देव पावला.’ तीन ‘पाव’, आणि तिघांची कुळं वेगळी. पाव किलोतला पाव संस्कृत ‘पाद’वरून आला. चार पायांपैकी एक, म्हणून चौथा हिस्सा. ‘पावला’ हे ‘प्राप्’ धातूचं घासून झालेलं रूप. ‘पावती’ही त्यातलीच. खायचा पाव मात्र पोर्तुगीज ‘पांव’, लॅटिन ‘पानेम’पासून. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘न’ पोर्तुगीजमध्ये नाकात जातो किंवा गळतो. लॅटिन ‘मानुम’ म्हणजे हात, त्याचा ‘मांव’ झाला. ‘लूना’ म्हणजे चंद्र, त्याचा ‘लुआ’ झाला. ‘पानेम’चा ‘पांव’ त्याच नियमाने झाला आणि मराठीत येताना नाकातला सूरही गेला.

म्हणजे पायांनी मळण्याची कथा खोटी. चार तुकडे करतात म्हणून पाव, हीसुद्धा खोटी. आणि इथेच मुलांना इंग्रजीत न्या. तोच लॅटिन ‘पानिस’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि त्याची ‘पॅन्ट्री’ झाली. पॅन्ट्री म्हणजे मुळात पाव ठेवायची खोली. तळणाच्या ‘पॅन’शी तिचं नातं नाही, तो जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला शब्द आहे. ‘कंपॅनियन’ म्हणजे ज्याच्यासोबत बसून पाव खायचा तो, आणि ‘कंपनी’ म्हणजे अशा लोकांची संगत. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत दारात येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, हा पोर्तुगीज ‘पादेइरु’. तोही याच घरातला. ‘कंपनी’ आणि ‘पोदेर’ एका रक्ताचे आहेत हे कळलं की मुलं ते विसरत नाहीत.

आता ओळखायचं कसं. चांगल्या छापील इंग्रजी कोशात काही शब्दांच्या डोक्यावर बारीक आकडा असतो, मॅच१, मॅच२ असा. हा आकडा म्हणजे सहसा वेगळा शब्द, वेगळं मूळ. एकाच नोंदीच्या आत १, २, ३ असे आकडे असतील तर शब्द एक आणि अर्थ अनेक. मुलांना हे दोन आकडे वेगळे करता आले की अर्धं काम झालं. मोबाइलवरच्या पुष्कळ फुकट कोशांत डोक्यावरचा आकडा गाळलेला असतो आणि सगळे अर्थ एका रांगेत ओतलेले असतात. गोंधळ तिथे सुरू होतो, म्हणून या कामासाठी तरी छापील कोश वर्गात न्या.

‘मॅच’ हे दोन शब्दांचं सरळ उदाहरण. काडेपेटीतली मॅच जुन्या फ्रेंचमधल्या वातीच्या शब्दापासून आली. दुसरी मॅच जुन्या इंग्रजीतली, अर्थ ‘जोडीदार, बरोबरीचा’. बरोबरीच्यांची गाठ पडते ती क्रिकेटची मॅच, रंगाची जोडी जमते ते मॅचिंग, स्थळ जुळतं तीही मॅच. मुलांना ‘वात’ आणि ‘जोडी’ एवढे दोनच मराठी शब्द द्या.

‘फाइन’ याच्या उलट. छान आणि दंड, हे दोन शब्द असणार असं वाटतं, पण दोन्ही लॅटिन ‘फीनिस’ म्हणजे ‘शेवट’ या शब्दापासून निघाले. शेवटापर्यंत नेलेलं, कसर न राहिलेलं काम ते फाइन. आणि पैसे भरून प्रकरण शेवटाला नेणं तोही फाइन. ‘फिनिश’ आणि ‘फायनान्स’ याच शेवटातून आले. मराठी ‘दंड’ शेजारी ठेवा. आधी काठी, मग काठीचा मार, मग माराऐवजी भरायचे पैसे. मुलांना शब्दाचा अर्थ सरकतो म्हणजे काय ते इथे दिसतं.

‘बँक’ या दोन्हींच्या मधली. पैशांची बँक इटालियन ‘बांका’पासून, म्हणजे सराफ ज्यावर नाणी मांडून बसायचे ते बाकडं. बाकडं मोडलं, ‘बांका रोत्ता’ झालं, की ‘बँकरप्ट’. पोर्तुगीज ‘बांकु’ आपल्याकडे येऊन ‘बाक’ झाला, म्हणजे तुमचा वर्ग बसतो ती वस्तू आणि पैशांची बँक हा मुळात एकच शब्द आहे. नदीची बँक उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून, बरीच आधी इंग्रजीत आली. खूप मागे गेलं तर दोघींचं जर्मानिक मूळ एकच सापडतं, तरी कोश त्यांना वेगळे आकडे देतात, कारण त्या वेगळ्या काळी वेगळ्या वाटेने आल्या. तेव्हा डोक्यावरचा आकडा ‘वाट वेगळी’ एवढंच सांगतो. ‘नातं शून्य’ असं तो सांगत नाही.

‘फेअर’सुद्धा घ्या. गोरा, न्याय्य हा ‘फेअर’ जुना इंग्रजी. जत्रा या अर्थाचा ‘फेअर’ लॅटिन ‘फेरिया’पासून, म्हणजे सणाचा दिवस. सणाला माणसं जमतात, माणसं जमली की बाजार भरतो. त्याचंच पोर्तुगीज रूप ‘फैरा’. पोर्तुगीजमध्ये शुक्रवार म्हणजे ‘सेश्ता-फैरा’, सहावा फैरा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवून हे सांगा. आपलं ‘फेस्त’, इंग्रजी ‘फीस्ट’ आणि हा ‘फेअर’ ही सगळी त्याच सणाची पोरं.

उत्तर: कोशवाचक_मडगाव

बार्देशकरांनी आकड्यांचं नीट सांगितलं. त्यात एक धोक्याची जागा आहे, ती मुलांना आधीच दाखवा. नोंदीतले अर्थ कुठल्या क्रमाने लावायचे याच्या दोन पद्धती आहेत. ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश आणि अमेरिकेतला मेरियम-वेबस्टर सर्वांत जुना अर्थ आधी देतात. विद्यार्थ्यांसाठी केलेले कोश सर्वांत वापरातला अर्थ आधी देतात. प्रस्तावनेतली दोन पानं न वाचता पहिला अर्थ उचलला तर वाक्य उलटं पडतं. ‘नाइस’चा जुना अर्थ ‘मूर्ख’, लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. ‘सिली’चा जुना अर्थ ‘धन्य, सुखी’. या दोन शब्दांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते, पण प्रत्येकाचा अर्थ आपापल्या वाटेने, शतकानुशतकं थोडा थोडा सरकला आहे.

‘डिअर’ म्हणजे हरिण या शब्दाला तर आपल्याकडे जुळा भाऊ आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुठलाही पशू. जर्मनमध्ये त्याचं भावंड ‘टीअर’ आजही पशूच आहे. इंग्रजीत अर्थ आकसला आणि फक्त हरिण उरलं. संस्कृतातला ‘मृग’ असाच कुठलाही पशू होता. म्हणून सिंह ‘मृगेंद्र’, पशूंचा राजा, आणि शिकार ती ‘मृगया’. मराठीत मृग म्हणजे हरिण. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट केली.

आता ‘सेट’. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या शब्दाला ४३० च्या आसपास अर्थ दिलेले आहेत. ते शिकवायचा प्रयत्न करू नका. दोनच गोष्टी सांगा. पहिली, ‘सेट’ हे क्रियापद म्हणजे ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. मुलांना मराठीतला ‘बसवणे’ पुरेपूर माहीत आहे: चवथीला मूर्ती बसवतो, अंगठीत खडा बसवतो, सांधा निखळला की हाड बसवतो, नाटक बसवतो, कामाची घडी बसवतो. यातल्या खडा आणि हाड या दोन ठिकाणी इंग्रजीत सरळ ‘सेट’च येतो. घड्याळाचा गजर, जेवणाचं टेबल, परीक्षेचा पेपर यांना आपण लावणे, मांडणे, काढणे म्हणतो. आपल्या आणि त्यांच्या भाषेच्या फांद्या तिथे वेगळ्या होतात. हा फरक फळ्यावर दोन रकान्यांत मांडलात तर मुलं स्वतःच भर घालतील.

दुसरी, वस्तूंचा ‘सेट’, म्हणजे संच, हा मुळात निराळा शब्द. तो लॅटिन ‘सेक्टा’पासून, म्हणजे एकामागून चालणाऱ्यांचा गट. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ तोच. स्पेलिंग एक झाल्यावर दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळले.

बसणे-बसवणे हाती आलं की मुलांची एक कायमची चूकही सुटते. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘राइज’ म्हणजे उठणे, ‘रेझ’ म्हणजे उठवणे. ‘लाय’ म्हणजे आडवं होणे, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणे. घोटाळा या शेवटच्या जोडीत होतो, कारण ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’च आहे. आपल्या ‘पडणे-पाडणे’, ‘मरणे-मारणे’ या जोड्यांशेजारी ठेवून एकदा समजावलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. मात्र ‘फेल’चीही भानगड बघा: ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’, आणि झाड पाडण्याच्या ‘फेल’चा भूतकाळ ‘फेल्ड’. हे फळ्यावर स्पेलिंगसकट लिहा.

उत्तर: तिसवाडीकर

इतकं लांब कशाला जायचं? इंग्रजीतले कितीतरी शब्द आपलेच आहेत. ‘बद’ म्हणजे वाईट, त्यांचा ‘बॅड’. ‘दिन’, त्यांचा ‘डे’. ‘टाकी’, त्यांचा ‘टँक’. ‘पाद’, त्यांचा ‘फूट’. ‘मंत्री’वरून ‘मँडरिन’. ‘मुंगूस’वरून ‘मोंगूस’. ‘नारिंग’वरून ‘ऑरेंज’. अशी यादी मुलांना दिली तर त्यांना इंग्रजी परकी वाटणार नाही.

उत्तर: दर्यावाट

तिसवाडीकर, यादीमागची कळकळ पटते, पण सातातले दोन शब्द मुलांना देऊ नका, आणि एकाला जोडटीप लावा. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा काडीचा संबंध नाही. आवाज आणि अर्थ दोन्ही जुळूनही नातं नसलेल्या शब्दांचं हे ठरलेलं उदाहरण आहे. ‘दिन’ आणि ‘डे’ यांचंही तसंच. का, ते एका नियमात सांगता येतं, आणि तो नियम आठवीच्या मुलांना झेपतो.

संस्कृत आणि लॅटिनमधला मूळचा ‘प’ अस्सल इंग्रजी शब्दात ‘फ’ होतो: पाद-फूट, पितृ-फादर, पूर्ण-फुल. मूळचा ‘द’ हा ‘ट’ होतो: द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा मेळ व्यवस्थित मांडला. आता ‘दिन’चं भावंड इंग्रजीत शोधायचं तर ते ‘ट’ने सुरू व्हायला हवं. ‘डे’ ‘ड’ने सुरू होतो, म्हणजे तो दुसऱ्या घरचा. ज्या कुळात आपला ‘देव’ आहे त्यातला ‘ट’वाला शब्द इंग्रजीत आहे, आणि तो ‘ट्यूजडे’मध्ये लपला आहे: ‘टीव’ या जुन्या देवाचा वार. आणि ‘पेडल’, ‘पेडेस्ट्रियन’ यांत ‘प’ तसाच राहिला, कारण ते अस्सल इंग्रजी नव्हेत, लॅटिनकडून उशिरा उसने घेतलेले आहेत. ‘प’ राहिला तर बहुधा पाहुणा, ‘फ’ झाला तर घरचा.

या नात्याची पहिली चाहूल लागलेल्या युरोपीय माणसांपैकी एक गोव्यातच होता. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इथे आला. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं त्याने १५८३ मध्ये भावाला पत्रातून कळवलं. हाच पुढे मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारा फादर स्टीफन्स. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. संस्कृत आणि ग्रीक-लॅटिनचं नातं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे पत्रानंतर दोनशे वर्षांनी. तुमच्या वर्गात हे सांगायलाच हवं.

‘फूट’च्या घरातली आणखी माणसं इथे आहेत. पायी लढणारा तो संस्कृतात ‘पदाति’, फारसीत ‘पियादा’, म्हणून बुद्धिबळातलं आपलं ‘प्यादं’. लॅटिनमध्येही पायाच्याच शब्दावरून पायदळातला शिपाई. त्याचा पोर्तुगीजमध्ये ‘पिआंव’ झाला, दोन स्वरांमधला ‘द’ गळून. हिंदुस्थानात पोर्तुगीजांकडून इंग्रजांनी तो उचलला आणि ‘प्यून’ झाला. फ्रेंचच्या वाटेने तोच बुद्धिबळातला ‘पॉन’ झाला, आणि सैन्यापुढे रस्ता साफ करणारा ‘पायोनियर’. कचेरीतला प्यून आणि पटावरचं प्यादं एकाच पायावर उभे आहेत.

‘मँडरिन’ बरोबर. आपला ‘मंत्री’ मलय भाषेत ‘मंतरी’, तिथून पोर्तुगीज ‘मांदारीं’. हुकूम करणे या अर्थाचा पोर्तुगीज ‘मांदार’ त्यात घुसला आणि ‘त’चा ‘द’ झाला. इंग्रजीत चिनी अधिकारी, त्यांची भाषा आणि एक संत्रं, तिन्हींना तोच शब्द. ‘मोंगूस’ही खरा, मराठी ‘मुंगूस’वरूनच गेलेला. म्हणून त्याचं अनेकवचन ‘मोंगूसेस’. शेवटी ‘गूस’ ऐकू येतं म्हणून ‘मोंगीस’ लिहिलं की चूक. हंसाशी त्याचा संबंध नाही.

‘टँक’ला जोडटीप हवी. मराठीत ‘टाकं’, गुजरातीत ‘टांकी’. पण पोर्तुगीजांकडे हिंदुस्थानात येण्याआधीपासून ‘तांक’ होता, वाहतं पाणी अडवणे या अर्थाच्या शब्दापासून निघालेला, तळं या अर्थाचा. सतराव्या शतकात इथे वावरणाऱ्या इंग्रजांच्या कानावर दोन्ही पडत होते, आणि त्यांचा ‘टँक’ दोन्हींवर पोसला. म्हणून ‘टाकीवरूनच’ असं ठासून सांगू नका. अर्थ मात्र सुरुवातीला इथलाच होता: बांधलेलं तळं. मंगेशीची किंवा कुठल्याही देवळाची तळी इंग्रजीत आजही ‘टेंपल टँक’ असते, आणि मुलं तिचं भाषांतर ‘देवळाची टाकी’ करतात. तिथून पाणी साठवायचं भांडं, मग पेट्रोलची टाकी. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चिलखती गाडी गुपचूप बनवायला घेतली, तेव्हा शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवलं. ती गाडी १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत उतरली, पण नाव तेच चिकटलं. आपण ‘रणगाडा’ असा नवा शब्द घडवला, त्यांनी तळ्याचंच नाव ठेवलं. ‘टँक टॉप’मधला टँक म्हणजे पोहायचा तलाव, कारण तो कपडा पोहण्याच्या पोशाखासारखा कापलेला असतो.

आणि ‘कँडी’ विसरू नका, दोन शब्दांचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. गोड कँडी संस्कृत ‘खंड’वरून, म्हणजे साखरेचा खडा. फारसीत ‘कंद’, अरबीतून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत. ‘शुगर’ही ‘शर्करा’वरूनच निघाली. म्हणजे इंग्रजी ‘शुगर कँडी’ आणि आपली ‘खडीसाखर’ यांची जोडणी एकाच कल्पनेची, साखर आणि तिचा खडा, फक्त पुढचा मागे झालेला. दुसरी कँडी हे वजन, आपली ‘खंडी’, वीस मणांची. पोर्तुगीजांच्या कागदांत ती ‘कांदील’ आहे. मणाचं वजन गावोगाव वेगळं, म्हणून खंडीचंही. भारतातला कापसाचा बाजार अजून कँडीत बोलतो आणि तिथे कँडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. बातमीत ‘कॉटन’ आणि ‘कँडी’ शेजारी आले की मुलांना जत्रेतला म्हातारीचा कापूस आठवतो. दोन्ही कात्रणं शेजारी लावा.

तपासणी कशी करायची, हे ताईंनी विचारलं होतं. तीन प्रश्न पुरतात. शब्द इंग्रजीत लिहिलेला सर्वांत आधी कधी सापडतो? तो ज्या वाटेने आला म्हणतात त्या वाटेवरच्या गावांत, म्हणजे मधल्या भाषांत, त्याची रूपं सापडतात का? आणि आवाज बदलला तो त्या भाषेच्या इतर शब्दांतही तसाच बदलतो का? ‘न्यूज’ पहिल्याच प्रश्नात पडतो. आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची चाल बहुतांशी विसाव्या शतकातली, आणि ‘न्यूज’ त्याच्या कित्येक शतकं आधीपासून लिहिला जातो. तो ‘न्यू’चं अनेकवचन आहे, फ्रेंचमधल्या ‘नव्या गोष्टी’च्या धर्तीवर. ‘टिप’, ‘पॉश’, ‘गोल्फ’ यांच्या आद्याक्षरांच्या कथाही याच कारणाने बाद. आद्याक्षरांचा खरा शब्द हवा असेल तर ‘ओके’ आहे. ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायच्या गमतीतून तो निघाला आणि १८३९ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापला गेला.

प्रश्न: मास्तरीण_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या तासाला पाव, मॅच, फाइन, बँक. दुसऱ्याला बसवणे-सेट, टँक आणि दोन कँडी, असं ठरवते आहे. दोन शंका उरल्या. पोर्तुगीज मार्गाचे शब्द एके ठिकाणी कुठे बघता येतील? आणि ‘नारिंग’चा ‘न’ गेला कुठे? ‘अ नॉरेंज’चा ‘अन ऑरेंज’ झाला असं एका मार्गदर्शकात छापलेलं आहे.

उत्तर: बार्देशकर

पोर्तुगीज शब्दांसाठी मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद. जन्म १८५५ चा, आपल्या बार्देशातल्या आसगावचा. आशियाई भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांचा ग्रंथ १९१३ चा, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं. नोंदी पोर्तुगीज शब्दाखाली लावलेल्या आहेत, म्हणून ‘बाक’ बघायचा तर ‘बांकु’खाली उघडायचं. मराठी बाजूने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. शब्द संस्कृत, फारसी की अरबी, याची खूण तिथे कंसातल्या अक्षराने केलेली असते. पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात संदर्भ विभागात चौकशी करा, आणि बघायच्या शब्दांची यादी पोर्तुगीज स्पेलिंगसकट करून न्या, नाहीतर अर्धा दिवस पानं उलटण्यात जातो.

उत्तर: दर्यावाट

मार्गदर्शकातलं ऑरेंजचं स्पष्टीकरण चूक आहे. संस्कृत ‘नारंग’, फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, आणि ‘न’ गळला तो इटालियन-फ्रेंचच्या वळणावर, तिथल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटच्या ‘न’मध्ये मिसळून. इंग्रजीत शब्द पोचला तेव्हा ‘न’ नव्हताच. स्पॅनिशमध्ये तो अजून शाबूत आहे, ‘नारांखा’. पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘ल’ झाला, ‘लारांजा’.

इंग्रजीच्या आत ‘अ’-‘अन’ची फाळणी खरोखर झाली ती दुसऱ्या शब्दांत. ‘अ नेप्रन’चा ‘अन एप्रन’ झाला. ‘अ नॅडर’चा ‘अन अ‍ॅडर’ झाला, तो विषारी साप. उलटंही झालं, ‘अन यूट’चा ‘अ न्यूट’. पण तुमच्या वर्गासाठी ‘अंपायर’ घ्या. जुन्या फ्रेंचमधला ‘नॉन-पेर’, म्हणजे जोडीत नसलेला, विषम. इंग्रजीत तो ‘अ नूंपेर’ म्हणून आला आणि ‘अन अंपायर’ झाला. पहिल्या तासाला मॅच म्हणजे जोडी असं सांगून झालेलं असेलच. त्या जोडीच्या बाहेर उभा असलेला तिसरा माणूस तो अंपायर.